तळहाताची गाडी

माझ्या डाव्या भुवईच्या वर एक बारीक वण आहे. इथल्या मराठी मंडळातल्या मुलींना वाटतं, लहानपणी मी कुठल्यातरी झाडावरून पडले असेन. मी तसं वाटू देते. खरं सांगायला घेतलं की अर्धा तास जातो आणि शेवटी ऐकणारी विचारतेच, "पण मावशी, तुम्ही तिथे गेलात कशाला?" तो वण ओहायोतल्या मातीच्या ढेकळाचा आहे. रेसच्या एका गाडीच्या मागच्या चाकाने ते ढेकूळ उडवलं आणि कुंपणाला टेकून उभ्या असलेल्या मला ते लागलं. त्या वेळी मी ऑफिसच्या कामावर होते.

या अंकाच्या संपादिकेने फोनवर सांगितलं होतं, "काकू, तुमची करिअर जर्नी लिहा ना. थोडं इन्स्पायरिंग ठेवा, यंग जनरेशन वाचते." माझी जर्नी म्हणजे सांगलीहून पुण्याला इंजिनिअरिंग, पुण्याहून मिशिगनला एम.एस., मग तिथेच नोव्हाय गावात घर आणि निवृत्त होईपर्यंत एकच कंपनी. झाली सांगून. तेव्हा मी आपली दोन माणसांबद्दल लिहिते. त्यांच्या धंद्यात काही वर्षं त्यांना कोणी हरवू शकत नव्हतं, आणि ते कशामुळे, हे मला जवळून बघायला मिळालं. ते संपलं कसं, हेही बघायला मिळालं. ते बघायला नसतं मिळालं तरी चाललं असतं.

आमची कंपनी शॉक अ‍ॅब्सॉर्बर बनवायची. आपल्याकडे स्कूटरवाले ज्याला शॉकअप म्हणतात, ते. एक नळकांडं, आत तेल, तेलात दट्ट्या. गाडी खड्ड्यात गेली की स्प्रिंग दबते, आणि नंतर ती उड्या मारत बसू नये म्हणून हे तेल तिला आवरतं. मी टेस्टिंग विभागात होते. ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांत वरच्या कोणाच्या तरी मनात आलं की आपले शॉक मातीच्या ट्रॅकवर धावणाऱ्या स्प्रिंट कारना लावून बघावेत. त्यासाठी उन्हाळाभर दर शनिवारी कोणीतरी इंडियाना-ओहायोच्या खेड्यांत जाऊन मोजमापं घ्यायला हवी होती. विभागातल्या बाकीच्यांना शनिवारी मुलांच्या मॅचेस असायच्या, तळ्यावर बोटी असायच्या. माझ्याकडे बोट नव्हती.

"तू ऑफिसला गेली होतीस की जत्रेला?" पहिल्या ट्रिपनंतर माझा नवरा श्रीकांत म्हणाला. माझ्या केसांत माती, कानांत माती. "आणि डबा एम्प्टी कसा? चार जणांच्या दशम्या नेल्या होत्यास."

"मेकॅनिकने खाल्ल्या," मी म्हटलं. "दाण्याची चटणी तर त्याने हॉटडॉगवर घातली."

श्रीकांतने मान हलवली. मोटारींच्या गावात नोकरी करूनही मोटारींच्या शर्यतीला तो बिनडोकपणा समजायचा. पहिले दोन-तीन शनिवार मीही समजत होते.

स्प्रिंट कार ही गाडी रस्त्यावर चालत नाही. ती स्वतःच्या जोरावर सुरूदेखील होत नाही. तिला स्टार्टर नसतो, गिअर बदलायची सोय नसते. मागून ट्रकने ढकलायची, मग इंजिन पेटतं. वजनाला आपल्या साध्या मोटारीपेक्षा बरीच हलकी, आणि इंजिन असं की ते तिच्यात घातलंच कशाला असा प्रश्न पडावा. डोक्यावर पत्र्याचा एक मोठा तिरका पंख. तो गाडीला उडवायला नसतो, वारा अंगावर घेऊन तिला जमिनीवर दाबून ठेवायला असतो. मागचं उजवं चाक डाव्यापेक्षा मुद्दाम मोठं, म्हणजे ती आपोआप डावीकडे वळू बघते. कारण तिला आयुष्यभर डावीकडेच वळायचं असतं, लंबगोल ट्रॅकवर, मातीत, आडवी घसरत. डावीकडे वळताना ड्रायव्हर स्टिअरिंग उजवीकडे धरतो. हे मला समजायला एक अख्खा शनिवार लागला.

त्यात माती एका जागी थांबत नाही. दुपारी पाणी मारून ट्रॅक ओला करतात, तेव्हा चाकं चिकटून चालतात. गाड्या फिरतील तशी माती सुकते, आणि संध्याकाळपर्यंत ती सारवून सुकलेल्या अंगणासारखी गुळगुळीत होते. एका दिवसात गाडी तीन-चार वेळा ट्रॅकवर जाते, आधी सरावाला, मग छोट्या फेऱ्यांना, शेवटी मुख्य शर्यतीला. प्रत्येक वेळी खालची जमीन वेगळी असते. मधल्या थोड्या वेळात मेकॅनिकने गाडी त्या नव्या जमिनीसाठी बदलायची. टायर, पंखाचा कोन, स्प्रिंगचे दांडे, आमचे शॉक, काहीही. म्हणजे ड्रायव्हरला कळायला हवं की गाडी काय करते आहे, आणि मेकॅनिकला कळायला हवं की ड्रायव्हरला काय कळलं आहे. सगळा धंदा एवढाच आहे. तो बहुतेकांना जमत नाही.

हॉवर्ड मेकॅनिक आणि डीन ड्रायव्हर. हॉवर्ड पन्नाशीचा, ताडमाड उंच, बोलणं कमी. मला तो नावाने हाक मारत नसे, "इंजिनिअर" म्हणायचा. त्यात टोमणा नव्हता, नाव लक्षात ठेवायचा कंटाळा होता. डीन त्याच्याहून पंधराएक वर्षांनी लहान, बुटका, शर्यत नसताना अखंड बडबड्या. इंडियानात मक्याच्या शेतांमधल्या एका गोदामात दोघं ती गाडी बांधायचे.

पहिल्याच शनिवारी मी बघितलं. डीन सरावाहून आला. हेल्मेट काढलं नाही, पट्टे सोडले नाहीत. हॉवर्ड गाडीशेजारी उकिडवा बसला. डीनने उजवा हात बाहेर काढला, तळवा जमिनीकडे, बोटं पुढे. तो हात म्हणजे गाडी. हात सरळ आला, डावीकडे वळू लागला, करंगळीकडची बाजू जरा खाली गेली, वळणाच्या मध्यावर मनगट एकदाच थरथरलं, मग बोटं वर उचलली गेली. संपलं. हॉवर्ड उठला, गाडीच्या मागे गेला आणि काहीतरी बदलू लागला. डीन समोर बघत बसून राहिला. एक शब्द कोणी बोललं नाही.

दोघांमध्ये दोन नियम होते. डीनने गाडीने काय केलं तेवढंच दाखवायचं, काय बदलायला हवं ते सांगायचं नाही. आणि हॉवर्डने काय बदललं ते कधी सांगायचं नाही. डीन मागे वळूनही बघत नसे.

"त्याला सांगत का नाही?" मी हॉवर्डला दशमी खाता खाता विचारलं.

"सांगितलं तर तो मी सांगितलेली गाडी चालवेल," हॉवर्ड म्हणाला. "मला त्याने बुडाखालची गाडी चालवायला हवी आहे."

दुसऱ्या कुठल्याही टीमच्या तंबूत जा, तिथे ड्रायव्हर उतरल्या उतरल्या ओरडत असायचा की मागचा दांडा कडक कर, पंख झुकव. मेकॅनिक म्हणायचा, तू वळणात उशिरा पाय सोडतोस. म्हणजे ड्रायव्हर मेकॅनिकचं काम करायचा आणि मेकॅनिक ड्रायव्हरचं, आणि दोन्ही कामं अर्धवट राहायची. आमच्या कंपनीच्या मीटिंगाही अशाच चालत, म्हणून मला ते ओळखू आलं.

हॉवर्डला मी एकदा विचारलं की डीन सगळ्यांत वेगवान आहे का. तो म्हणाला, "नाही. वेगवान पोरं ढिगाने मिळतात. तीच गोष्ट दोनदा सारखी करणारा मिळत नाही." मी टेस्टिंगमधली बाई, मला हे एकदम पटलं. प्रत्येक फेरीला ड्रायव्हर वेगळं चालवत असेल, तर तुमच्या बदलाने फरक पडला की त्याच्या मूडने, हे कसं ठरवणार? डीन गाडी अशी चालवायचा की फरक पडला तर तो गाडीचाच. आणि डीनला हॉवर्डबद्दल विचारलं तर तो म्हणाला, "हरलो तर हा का हरलास म्हणून विचारत नाही. गाडी कशी होती तेवढंच विचारतो." मग पुढची दहा मिनिटं तो त्याच्या कुत्र्याबद्दल बोलला.

जिंकत असलेल्या माणसाबद्दल लोक काय काय बोलतात. इंजिनात काहीतरी आहे म्हणून ते उघडायला लावलं, काही निघालं नाही. टायरना काहीतरी चोपडतात म्हणे. मग नजर आमच्या शॉककडे वळली. एक गृहस्थ माझ्या मागे मागे फिरून विचारायचे, "बाई, खरं सांगा, त्यात घालता काय?" मी म्हणायचे, "तेल." ते डोळा मारून निघून जायचे. पेनसिल्व्हेनियाच्या एका टीमने तर अगदी तस्सेच चार शॉक मागवले, त्याच सेटिंगचे. मी पाठवले. पुढच्या सोमवारी त्यांचा फोन आला, गाडी दोनदा गरकन फिरली, तुम्ही दुसरेच पाठवलेत. मी शपथेवर सांगितलं की तेच आहेत. त्यांना पटलं नाही. डीनला पार्सलने पाठवता येत नव्हतं, त्याला माझा इलाज नव्हता.

त्या जोडीच्या तिसऱ्या की चौथ्या उन्हाळ्यात डीनची गाडी उलटली. पुढच्या गाडीचं चाक लागलं आणि ही कुंपणाजवळ गडगडत गेली. पिंजऱ्यासारख्या नळ्या असतात म्हणून माणूस वाचतो. डीन शुद्धीवर होता, उतरताना त्याने लोकांना हात केला. डोक्याला मार होता, काही आठवडे विश्रांती घेतली, डॉक्टरांनी परवानगी दिली आणि तो परत आला. बडबड तशीच होती.

परतल्यावरच्या पहिल्या शनिवारी हेल्मेट अडकवताना त्याचा हात खुंटीच्या शेजारी गेला. हेल्मेट खाली पडलं. तो हसला आणि उचलून नीट बघून अडकवलं. थोड्या वेळाने पाण्याची बाटली घेताना तेच झालं. बाटलीच्या बाजूला हात बंद झाला, आत काही नव्हतं. मी हॉवर्डकडे बघितलं. हॉवर्ड माझ्याकडे बघत नव्हता, बाटलीकडे बघत होता.

मग डीन सरावाला जाऊन आला आणि त्याने हात बाहेर काढला. हात लोण्यासारखा वळला. कुठे थरथर नाही.

आता एक गोष्ट सांगायला हवी. शॉकच्या दांड्यावर मी रबराचं एक बारीक कडं चढवत असे. दांडा नळीत जेवढा आत जाईल तेवढं कडं सरकतं आणि तिथेच राहतं. गाडीला किती मोठा हिसका बसला ते त्यावरून कळतं. त्या दिवशी उजव्या मागच्या शॉकचं कडं थेट टोकाला गेलं होतं. वळणात डीनने गाडी अचानक ओढली होती, घाबरून ओढावी तशी. कडं हिसका सांगत होतं आणि हात लोणी सांगत होता. मी हॉवर्डला कडं दाखवलं. त्याने त्या बाजूच्या टायरवरून अंगठा फिरवला, तिथेही तेच लिहिलेलं होतं.

"ऑफिशियलना सांगायला हवं," मी म्हटलं.

"त्यांना सांगितलं तर तो परत कधी बसणार नाही," हॉवर्ड म्हणाला.

"आणि नाही सांगितलं तर?"

त्याने टायर सोडून दिला आणि पंखाचा कोन वाढवायला घेतला. कोन वाढवला की गाडी जमिनीला जास्त चिकटते आणि ट्रॅकच्या सरळ भागात हळू होते. त्या शनिवारी आणि पुढच्या शनिवारी त्याने गाडी अशी सांभाळून बांधली. नंबर मागे पडले. लोक म्हणाले, अपघाताने डीन भ्याला. मला हॉवर्डचा राग आला. डीनचाही आला. ड्रायव्हिंग गेलं तर त्या माणसाकडे दुसरं काही नव्हतं, हे मला कळत होतं. पण असं चालू राहिलं तर एक दिवस तोच राहणार नव्हता, हेही कळत होतं. आणि दोघंही न बोलायच्या नियमाच्या आड लपून बसले होते. त्याच नियमाने त्यांना जिंकवलं होतं.

मग एका काउंटीच्या जत्रेत दुपारची शर्यत होती. कणसं भाजल्याचा वास, शेजारच्या मंडपात बक्षिसाच्या गाई. डीन सरावाहून आला आणि हाताने दाखवलं की पुढची चाकं वळायला नाही म्हणतात. हॉवर्ड उठला, पाना घेतला, गाडीखाली सरकला. मी माझं कडं बघायला त्याच बाजूला वाकले होते, म्हणून मला सगळं दिसत होतं. त्याने एक नट सैल केला आणि तोच नट परत तेवढाच आवळला. पाना दोनदा नळीवर आपटला. मग बाहेर येऊन हात पुसले.

मी कडं न बघताच सरळ उभी राहिले.

डीन छोट्या फेरीला गेला, सहावा का सातवा आला आणि परत येऊन थांबला. हॉवर्ड उकिडवा बसला. डीनने हात काढला. हात सरळ आला, मऊ वळला, पुढची बोटं आज्ञाधारकपणे आत गेली. गाडी सुधारली होती.

एरवी हात थांबला की हॉवर्ड उठायचा. आज तो बसूनच राहिला. डीन समोर बघत होता. शेजारच्या मंडपात कोणीतरी माइकवर गाईचं नाव पुकारत होतं. हॉवर्ड उठत नाही हे बघून डीनने मान वळवली आणि आजपर्यंत कधी विचारलं नव्हतं ते विचारलं.

"काय बदललं होतंस?"

"काहीच नाही," हॉवर्ड म्हणाला.

डीनचा हात अजून हवेतच होता. त्याने तो हळूच मांडीवर ठेवला. मग हेल्मेट काढलं.

"वळणात भिंती दोन दिसतात," तो म्हणाला. "मी जवळची खरी धरतो."

"गाड्या?"

"त्याही. त्यातली जवळचीच धरतो."

"आणि पुढे खरंच दोन गाड्या असल्या तर?"

स्प्रिंट कारचं स्टिअरिंग काढता येतं, नाहीतर माणसाला आत-बाहेर करायला जागाच नसते. डीनने ते काढलं आणि हॉवर्डच्या हातात दिलं. हॉवर्डने ते घेतलं आणि ट्रककडे गेला. जाताना पाना तिथेच जमिनीवर राहिला होता, तो मी उचलला. लाउडस्पीकरवर जाहीर झालं की या गाडीच्या इंजिनात बिघाड असल्याने ती मुख्य शर्यतीत नाही.

डीन परत त्या गाडीत बसला नाही. पुढे त्याला जाड भिंगाचा चष्मा लागला, त्यातून भिंत एकच दिसायची, पण शर्यतीला परवानगी मिळणार नव्हती. त्याने शेतीच्या अवजारांच्या दुकानात नोकरी धरली. हॉवर्डने एकामागून एक चांगले ड्रायव्हर घेतले. अधूनमधून तो जिंकला. नवे ड्रायव्हर उतरल्या उतरल्या काय बदलायचं ते सांगायचे आणि हॉवर्ड ते मुकाट्याने बदलायचा.

आमचा प्रकल्प बंद होताना मी त्याला विचारलं होतं, की नटाचं नाटक कशाला केलंत, सरळ विचारायचं होतं. तो म्हणाला, "विचारलं असतं तर त्याने ठीक आहे म्हणून सांगितलं असतं. आणि त्याने सांगितलं की मी मानतो. मला तेवढंच येतं." नंतर म्हणाला, "त्याने एकदा तरी म्हणायला हवं होतं, हॉवर्ड, ही तर तशीच आहे."

मी निवृत्त झाल्यावर एकदा शिकागोजवळ नेपरव्हिलला मुलीकडे जाता जाता वाट वाकडी करून आम्ही इंडियानाला उतरलो. श्रीकांत म्हणाला, "चल यार, तुझ्या त्या चटणीवाल्याला बघू तरी." हॉवर्डला अर्धांगवायू झाला होता. वाचा गेली होती, एक बाजू गेली होती, उजवा हात चालत होता. तो चाकाच्या खुर्चीत व्हरांड्यात होता आणि त्याच्याशेजारी पायरीवर बसून डीन बोलत होता. कुत्र्याबद्दल. कुत्रा अर्थात दुसरा होता. डीन रोज दुपारी येतो, हे हॉवर्डच्या मुलीने आम्हाला सांगितलं.

मी दाण्याची चटणी नेली होती. हॉवर्डने डबा मांडीवर घेतला आणि तोंडाची चालणारी बाजू हसली.

थोड्या वेळाने डीनने त्याची खुर्ची उतरत्या फळीवरून अंगणात नेली, एक वळसा घालून परत आणली. खुर्ची थांबली तसा हॉवर्डने उजवा हात पुढे काढला, तळवा जमिनीकडे, बोटं पुढे. हात सरळ गेला, वळला, वळताना अंगठ्याची बाजू अडखळली, मग सरळ झाला.

डीनची बडबड थांबली. तो उकिडवा बसून हात शेवटपर्यंत बघत होता. मग उठून आतून एक पाना घेऊन आला, खुर्चीच्या मागे गेला आणि चाकाशी खुडबुड करू लागला. हॉवर्ड समोर मक्याच्या शेताकडे बघत बसला, मागे वळला नाही. डीनने पुन्हा खुर्ची फळीवरून नेली, वळसा घातला, आणली.

हॉवर्डने हात काढला. आधी जिथे अडखळला होता तिथे पुन्हा अडखळला, अगदी तेवढाच. मग त्याने मान वळवून डीनकडे बघितलं.

डीन हसू लागला. हसता हसता त्याने चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाला, "हो रे, काहीच नव्हतं केलं." मग तो खाली बसला आणि या वेळी त्याने नट खरंच आवळला.